बुडीत खात्यातली राजधानी

स्टॉकहोमला आलेल्या पाहुण्याला हौसेने नेऊन काय दाखवतात, तर एक बुडालेलं जहाज. राजवाडा, नोबेल, बेटं, बागा हे सगळं त्यानंतर. बरं, जहाज शत्रूशी लढताना बुडालं असतं तर माणूस हात जोडून उभा राहिला असता. वादळाने गिळलं असतं तरी हळहळला असता. 'वासा' नावाचं हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी, रविवारी, सगळं गाव किनाऱ्यावर बघायला जमलेलं असताना निघालं, सुमारे १३०० मीटर गेलं, वाऱ्याची एक झोड आली, आणि आडवं होऊन तळाशी गेलं. पहिलाच प्रवास, तोही संपूर्ण बंदरातल्या बंदरात. शत्रू समुद्रापलीकडे पोलंडमध्ये होता. त्याला या कामी काडीही हलवावी लागली नाही.

लेक आणि जावई नोकरीनिमित्त किस्ता भागात राहतात. तिथे संगणकवाल्या कंपन्या इतक्या की भुयारी रेल्वेतून उतरल्यावर कानावर पडणारं पहिलं वाक्य स्वीडिशच असेल याची खात्री नाही. ते 'अगं, डबा विसरलीस' असंही असू शकतं. जून महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि जावयाने आमच्या मुक्कामाचा रंगीत तक्ता करून स्वयंपाकघरात चिकटवला. तक्त्याच्या डोक्यावर 'वासा'. मी सरकारी बांधकामांत हयात घालवलेला माणूस. उद्घाटनाची कोनशिला शाबूत आणि मागची इमारत गायब, असे प्रकार पाहिलेला. तेव्हा बुडालेलं सरकारी काम बघायला तिकीट कशाला काढायचं, हा माझा पहिला प्रश्न होता. आत गेल्यावर मात्र मीच तक्त्याची वाट लावली. एक तास नेमून दिला होता. बाकीचे दुकानात जाऊन, कॉफी पिऊन, परत दुकानात जाऊन आले तरी मी चौकशीच्या कागदपत्रांपाशीच उभा.

आधी जहाज कसं आहे ते सांगतो. दालनात अंधूक उजेड, कारण जुन्या लाकडाला उजेड मानवत नाही. त्या अंधारात ६९ मीटर लांबीचं काळपट लाकडी धूड उभं आहे. पिछाडीचा भाग मान मोडून बघावा इतका उंच आणि त्यावर शेकडो कोरीव मूर्ती: सिंह, योद्धे, रोमन बादशहा. एका ठिकाणी पोलंडचा सरदार बाकाखाली दबून बसलेला कोरलाय. शत्रूचा असा पाणउतारा कोरून जहाज शत्रूकडे पाठवायचा बेत होता. शत्रूला तो बघायला मिळाला नाही. आता पोलंडचे पर्यटक विमानाने येऊन, तिकीट काढून बघतात आणि त्याच्यासमोर सहकुटुंब फोटो काढून घेतात.

राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ लढाईवर. तिथून त्याची पत्रं येत होती, जहाज लवकर पाठवा. ६४ तोफा, त्याही दोन मजल्यांवर. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन हा डच माणूस आजारी पडला आणि १६२७ मध्ये, काम अर्धवट असताना वारला. पुढचं काम हाइन याकोब्सनकडे आलं. म्हणजे मंजुरी एकाची, आराखडा दुसऱ्याचा, अंमलबजावणी तिसऱ्याची आणि घाई वरून. परदेशात इतकं ओळखीचं वाटणारं मला दुसरं काहीच भेटलं नाही. वरचा भाग जड झाला, तळाशी दगड भरले तेही सुमारे १२० टन, आणि तेवढ्याने तोल सावरेना. पुढे संशोधकांना जहाजावर कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या. एका फुटात बारा इंच, दुसऱ्यात अकरा. डावीकडचे लोक एका फुटाने बांधतायत, उजवीकडचे दुसऱ्या फुटाने, आणि दोघंही आपापल्या जागी बिनचूक.

आणि चाचणी झाली होती हो! निघण्याआधी धक्क्यावरच तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत एकदम पळायला लावलं. तीन फेऱ्यांत जहाज असं डुलायला लागलं की तिथेच कलंडेल. तेव्हा नौदलाचे अधिकारी क्लास फ्लेमिंग यांनी चाचणी थांबवली. नीट वाचा: जहाज थांबवलं नाही, चाचणी थांबवली. मी हे वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि मनातल्या मनात फ्लेमिंगसाहेबांना सलाम ठोकला. असा निर्णय पुस्तकं वाचून घेता येत नाही, त्याला खात्यात मुरावं लागतं.

मग चौकशी. कप्तानाला लगेच अटक. तोफा नीट बांधल्या होत्या? होत्या. खलाशी प्यायलेले होते? अजिबात नाही. कारागिरांना विचारलं, मापं कोणाची? राजेसाहेबांनी मंजूर केलेली. चौकशी अशी एकेक पायरी चढत राजाच्या दाराशी जाऊन पोचली आणि तिथून नमस्कार करून परत फिरली. मुख्य कारागीर आधीच वारलेला असणं ही समितीची फारच मोठी सोय. मग दोष कुणाचा, असं हिबर्टसनच्या भागीदाराला विचारलं, तर त्याने तो देवालाच ठाऊक असं सांगितलं आणि ते तसंच नोंदवलं गेलं. शिक्षा कोणालाच नाही. सुमारे तीस माणसं मात्र जिवानिशी गेली होती, त्यांच्याबद्दल कागदावर फारसं काही नाही.

"अहो, बुडालेलं बघितलं. तरंगलेलं कुठे ठेवलंय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

प्रश्न वरवर भोळा, पण बरोबर मर्मावरचा. याच याकोब्सनने 'एप्लेत' नावाचं जोडीचं जहाज बांधलं, ते जरा रुंद केलं. ते १६२९ मध्ये पाण्यात उतरलं आणि तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. शेवटी म्हातारं झाल्यावर आरमारानेच शत्रूची वाट अडवायला म्हणून त्याला मुद्दाम बुडवलं. त्याचा पत्ता २०२१ मध्ये लागला आणि ते अजून तळाशीच आहे. ज्याने तीस वर्षं काम केलं त्याला चिखल, आणि जे १३०० मीटर गेलं त्याला वातानुकूलित महाल. माझ्याबरोबरीचे सगळे निवृत्त सहकारी मला त्या क्षणी आठवले.

पण या लोकांचं कौतुक करायचं तर ते बुडाल्यानंतरच्या कामाचं. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. तीनशे वर्षं लाकूड टिकून राहिलं. आंदर्श फ्रान्झेन नावाच्या गृहस्थाने तळाचे नमुने काढता काढता १९५६ मध्ये जहाज शोधलं. पाणबुड्यांनी गढूळ पाण्यात चाचपडत जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यातून दोर ओवले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वासा वर आलं. मग ते वाळून फुटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं मेणासारख्या रसायनाचे फवारे मारत बसले. सतरा वर्षं! जहाज बांधायला दोन-तीन लागली होती. १९९० मध्ये हे संग्रहालय उघडलं. आज स्कँडिनेव्हियातलं सर्वांत जास्त गर्दी खेचणारं संग्रहालय तेच. एखादं काम इतकं संपूर्ण फसावं की साडेतीनशे वर्षांनी त्यातून उत्पन्न सुरू व्हावं, असा दुसरा प्रकल्प माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात नगरभवन होतं. तिथे गेल्यावर मला संशय यायला लागला की हे शहर आपल्या चुका नुसत्या लपवत नाही असं नव्हे, तर त्यांना मार्गदर्शक नेमून पगारही देतं. नगरभवन राग्नार ओस्टबेर्ग या वास्तुकाराने बांधलं, १९२३ मध्ये पुरं झालं. सुमारे ८० लाख लाल विटा. नोबेलची मेजवानी होते ते इथलं 'निळं दालन'. आत शिरलो तर चारही भिंती लालभडक. मला वाटलं आम्ही चुकून पुढच्या दालनात आलो. मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितलं, विटांवर निळा रंग द्यायचा ठरला होता, पण वास्तुकाराला विटाच इतक्या आवडल्या की त्याने बेत बदलला. नाव तोवर सगळीकडे रुळलं होतं, ते तसंच ठेवलं. मी म्हटलं, रंगकामाची रक्कम परत भरली का? बाई हसल्या. हा प्रश्न त्यांना पूर्वी कोणी विचारला नसावा.

वरच्या मजल्यावर सुवर्ण दालन. सोन्याच्या आणि काचेच्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक तुकड्यांचं नक्षीकाम, एइनार फोर्सेत या चित्रकाराचं. समोरच्या भिंतीवर भलीमोठी सरोवराची राणी, मांडीवर स्टॉकहोम घेऊन बसलेली. डोळे वटारलेले, केस सापांसारखे मोकळे. अनावरण झालं तेव्हा लोकांनी भरपूर नावं ठेवली म्हणे. आमच्या सौंनी शंभर वर्षं उशिरा का होईना, त्यात भर घातली: "एवढं सोनं, पण एक तेलाचं बोट नाही कुणी लावलं डोक्याला."

त्याच दालनात, अगदी छताजवळ, घोड्यावर बसलेला संत एरिक आहे. खांद्यापर्यंत आहे. डोकं नाही. उंचीचा हिशोब चुकला आणि डोकं छतात गेलं. आता याचं समर्थन ऐका: तसाही या राजाचा शिरच्छेदच झाला होता, तेव्हा चित्र इतिहासाला धरूनच आहे. मी आयुष्यभर खुलासे लिहिले. वेळेत न झालेल्या, मापात न बसलेल्या, जागेवर न सापडलेल्या कामांचे खुलासे. इतका सुंदर खुलासा माझ्या हातून कधी उतरला नाही.

मनोऱ्याची उंची १०६ मीटर. कोपनहेगनच्या नगरभवनाचा मनोरा यापेक्षा थोडासा, अगदी थोडासा, बुटका आहे आणि हा योगायोग नाही, असं इथली मंडळी डोळे मिचकावून सांगतात. वर जायला ३६५ पायऱ्या. गुडघ्यांनी खालूनच पाहणी केली आणि काम समाधानकारक असल्याचं कळवलं.

गाम्ला स्तान म्हणजे जुनं शहर. पर्यटक तिथे का जातात ते एका नजरेत कळतं, आणि दुकानांतली शिंगवाली व्हायकिंग शिरस्त्राणं बघून लगेच परत का फिरावंसं वाटतं तेही कळतं. (खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती, ती पर्यटकांसाठी फुटली.) मोर्टेन त्रोत्सिग नावाची गल्ली पायऱ्यांची आहे आणि सगळ्यात अरुंद जागी ९० सेंटिमीटर. तिथे खालून आम्ही आणि वरून एक भरदार जर्मन कुटुंब असे एकाच वेळी शिरलो. कोणी मागे सरायचं यावर वाटाघाटी झाल्या, त्यात आम्ही हरलो. जुन्या मध्यवर्ती चौकात १५२० साली डेन्मार्कच्या ख्रिश्चन राजाने राज्याभिषेकाच्या मेजवानीनंतर ऐंशीहून अधिक पाहुण्यांची आणि नागरिकांची मुंडकी उडवली. आता तिथे बशीभर सायीसकट गरम चॉकलेट मिळतं आणि त्याचा दर ऐकून मान आपोआप खाली जाते.

त्याच चौकात नोबेल संग्रहालय आहे. तिथल्या उपाहारगृहातल्या खुर्च्यांच्या बुडाखाली पारितोषिक मिळालेल्यांनी सह्या केल्या आहेत. त्यामुळे तिथे येणारा माणूस आधी खुर्ची उलटी करतो, मग वाकून वाचतो, मग बसतो. आजूबाजूला सगळे सुशिक्षित लोक खुर्च्या उलट्या करतायत आणि वाढपी शांतपणे केक आणून ठेवतोय. मला यात काहीच नवल वाटलं नाही. सरकारी कचेरीत आम्ही दर मार्चमध्ये खुर्च्या अशाच उलट्या करून डेडस्टॉक नंबर तपासत असू. माझ्या खुर्चीखाली कोणाची सही होती ती लागली नाही. अक्षर डॉक्टरचं असावं, म्हणजे वैद्यकशास्त्रातलं नोबेल.

याच जुन्या शहरात, फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात, स्टॉकहोममधला सगळ्यात लहान पुतळा बसला आहे. गुडघे पोटाशी धरून चंद्राकडे बघणारा लोखंडी मुलगा, लिस एरिक्सन या शिल्पकाराचा. उंची सुमारे १५ सेंटिमीटर. आपल्याकडे पुतळ्याचा विषय निघाला की पहिला वाद उंचीवरून होतो. हा पुतळा शोधायला वाकावं लागतं. हिवाळ्यात कोणीतरी येऊन त्याला लोकरीची टोपी आणि मफलर घालतं. लोक डोक्यावरून हात फिरवतात, पुढ्यात नाणी ठेवतात. आता नाणं ठेवणं ही इथे सोपी गोष्ट नाही. या शहरातून रोकड जवळपास हद्दपार झालेली. बसमध्ये कार्ड, पावाच्या दुकानात कार्ड, सार्वजनिक शौचालयाच्या दारालासुद्धा कार्ड. निकडीच्या वेळी माणूस चार आकडी गुप्त क्रमांक आठवत दारात उभा राहतो, हे दृश्य एखाद्या नोबेलच्या तोडीच्या संशोधनाला विषय होईल. सौंनी पर्समध्ये देवळांसाठी म्हणून सुटे जपून ठेवले होते. ते घ्यायला सबंध राजधानीत हा एवढा लोखंडी मुलगा तयार झाला. त्याच्यापुढे एक रुपयाचं नाणं ठेवून त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. मागे उभ्या असलेल्या जपानी बाईंनीही केला.

वाहतुकीबद्दल मला स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे माझा जीव गुंततो. १९६७ पर्यंत स्वीडनमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालायच्या. शेजारचे देश उजवीकडून. १९५५ मध्ये सरकारने जनमत घेतलं, उजवीकडे जायचं का? ८३ टक्के लोक नको म्हणाले. सरकारने जनतेचा कौल आदरपूर्वक फायलीत ठेवला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या रविवारी पहाटे सगळ्या देशाला उजवीकडे नेलं. पाच वाजायला दहा कमी असताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, सावकाश पलीकडच्या बाजूला सरकल्या, पाच वाजता पुन्हा निघाल्या. रस्त्यावरच्या पाट्या, सिग्नल, बसचे थांबे, सगळं एका रात्रीत पालटलं. आमच्या गावात एका चौकातला दुभाजक हलवायचा तर तीन आयुक्त बदलतात. लोक सरकारवर चिडले असतील तर असोत. पण पाच म्हणजे पाच.

गंमत म्हणजे हे सगळं वरच्या वर. खाली भुयारी रेल्वेला कोणी सांगायलाच गेलं नाही. ती आजही डावीकडून धावते. तेव्हा फलाटावर उभं राहिल्यावर गाडी कुठून येणार ते आम्हाला बरोबर कळे आणि अमेरिकन पाहुण्यांना कळत नसे; परदेशात आमचा हा एकमेव वरचष्मा.

ती भुयारी रेल्वे मात्र बघावी अशीच. शंभर स्थानकं, त्यातल्या नव्वदहून अधिक ठिकाणी चित्रं, शिल्पं, नक्षी. आमच्या किस्ताच्या मार्गावर तर भुयाराचा खडक तसाच ओबडधोबड ठेवून रंगवला आहे. सोल्ना सेंत्रुम स्थानकात छत लालभडक आणि त्याखाली हिरव्या जंगलाची रांग. मी म्हटलं, हे तर गिलावा न करता सोडलेलं काम! लेकीने डोळे वटारले. पण डब्यात काय शांतता! सगळे आपापल्या फोनमध्ये, शेजारी रिकामी जागा असूनही उभे. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाला मी हसून 'हॅलो' म्हटलं, तर तो पुढच्या स्थानकावर उतरला. लेक म्हणाली, त्याचं स्थानक नव्हतं ते.

याच मार्गाचं दुसरं टोक राजाच्या बागेखाली येतं. १९७१ मध्ये स्थानकाच्या दारासाठी त्या बागेतली जुनी एल्मची झाडं तोडायची ठरली. रात्री करवती घेऊन पथक आलं, तर माणसं झाडांवर चढून बसली. मारामारी झाली, झाडांना करवतीचे घाव लागले, पण शेवटी नगरपालिका नमली आणि दार दुसरीकडे हलवलं. झाडं अजून आहेत, त्यांच्या सावलीत कॉफीचं दुकान आहे. म्हणजे वासा, बिनडोक्याचा संत आणि आता हे: तीनही वेळा सरकारचं काही ना काही फसलं आणि तीनही ठिकाणी आज बसायला जागा आणि प्यायला कॉफी आहे.

कॉफीवरून आठवलं. इथे दुपारच्या कॉफीला आणि सोबतच्या गोड पावाला 'फिका' म्हणतात आणि ती चुकवणं शिष्टाचाराला सोडून आहे. जावयाच्या कचेरीत साहेबही उठून येऊन सगळ्यांबरोबर बसतो, आणि त्याला सगळे नावाने हाक मारतात. अठराव्या शतकात या देशात कॉफीवर बऱ्याचदा बंदी आली होती. बंदीचं फळ समोर दिसतंच आहे. गोड पावात वेलची असते, चांगली सढळ हाताने घातलेली. सौंना स्वीडनमध्ये पहिल्यांदा काही पटलं ते हे. 'सेमला' नावाचा बदामाचा आणि सायीचा पाव मात्र हिवाळ्याअखेरीस मिळतो, त्यामुळे हुकला. अडॉल्फ फ्रेडरिक नावाचा राजा १७७१ मध्ये भरगच्च जेवणानंतर दुधातले चौदा सेमला खाऊन वारला, असं इथे सांगतात. राजाचा मृत्यू पावामुळे झाला ही गोष्टसुद्धा हे लोक लपवत नाहीत, उलट दर वर्षी त्याची आठवण काढून तोच पाव खातात.

जूनमधल्या उजेडाने घरात वेगळाच पेच केला. सूर्य रात्री दहाला मावळतो आणि साडेतीनला परत हजर. मावळला तरी काळोख असा होतच नाही. सौंनी नेहमीप्रमाणे सहा वाजता दिवा लावला, तर बाहेर टळटळीत ऊन. मग दिवेलागणीची वेळ कुठली? घड्याळाची की आभाळाची? भारतातल्या बहिणीला फोन झाला, तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले, तिने झोपेत निर्णय दिला: "तिथल्या सूर्याचं तिथे." तेव्हापासून आमच्याकडे रात्री दहाला शुभं करोति. नातू त्याआधीच झोपलेला असे.

घरातला सगळ्यात पवित्र विधी मात्र देवघरात नव्हता, तळघरात होता. इमारतीतल्या सगळ्यांसाठी मिळून धुण्याची एकच खोली. भिंतीवर वेळांचा फळा, प्रत्येक बिऱ्हाडाचं एकेक बारकं कुलूप, ते आपल्या वेळेच्या खाचेत अडकवायचं. कुलूप लागलं की ती वेळ तुमची. पंतप्रधान आले तरी त्यांना चादर घेऊन बाहेर थांबावं लागेल. वेळ संपल्यावर यंत्र रिकामं, फरशी पुसलेली, वाळवणाच्या यंत्राच्या गाळणीतला कापसाचा थर काढलेला हवा. नसला तर कोणी तोंडावर बोलत नाही. चिठ्ठी लागते. अत्यंत सभ्य भाषेत, टंकलिखित, आणि वाचून अंगाचा तिळपापड व्हावा अशी. शेजारचा उंच, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ या चिठ्ठ्यांचा कर्ता असावा, असा लेकीचा कयास. त्याला मी जिन्यात कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे, आमचं दार उघडल्याचा आवाज आला की त्याचं अर्धवट उघडलेलं दार हळूच मिटायचं.

मध्य उन्हाळ्याच्या सणाला आम्ही स्कानसेनला गेलो. आर्टुर हासेलियस या गृहस्थाने १८९१ मध्ये सुरू केलेलं हे उघड्यावरचं संग्रहालय: देशभरातली जुनी घरं, गोठे, गिरण्या उचलून आणून एका टेकडीवर मांडल्या आहेत, आणि जुन्या वेषातल्या बायका चुलीवर भाकरीसारखं काहीतरी भाजत असतात. चूल पेटवायचा प्रयत्न चालला होता, तिथे सौंना राहवलं नाही. कुंपणाबाहेरून त्यांनी मराठीत सूचना दिल्या, लाकडं उभी रचा, उभी. बाईंनी रचली. पेटली.

मग मोठं मैदान, मध्ये पानाफुलांनी मढवलेला उंच खांब, भोवती हजारो माणसं, डोक्यावर फुलांच्या वेण्या. वाद्यं सुरू झाली आणि बेडकांच्या शरीररचनेवरचं एक गाणं लागलं. त्याबरोबर बँकेतले अधिकारी, प्राध्यापक, आजोबा, आज्या असे सगळे कानांशी पंजे हलवत, मागे शेपटीचा अभिनय करत उकिडव्याने उड्या मारायला लागले. भुयारी रेल्वेत माझ्या 'हॅलो'ने घाबरून उतरणारी हीच ती जनता. आणि त्या गोलात, माझ्या बरोबर समोर, डोक्यावर पिवळ्या फुलांचा मुकुट घालून, पांढरी दाढी हवेत उडवत आमचा शेजारी. त्याने मला ओळखलं. नुसतं ओळखलं नाही, माझा हात धरून गोलात ओढलं. मी गुडघा दाखवला. त्याने त्याचा दाखवला, त्यावर शस्त्रक्रियेची लांब खूण होती. पुढे नकाराला जागाच राहिली नाही. उडी मला जमली नाही, पण शेपटी बऱ्यापैकी जमली असं सौ. म्हणतात. गाणं संपल्यावर त्याने आम्हा दोघांना खारवलेला हेरिंग मासा आणि उकडलेले बटाटे खिलवले, सोबत स्ट्रॉबेऱ्या. सौंसाठी बटाटे वेगळे काढले.

सोमवारी आमची धुण्याची पाळी होती. मी पिशवी घेऊन दाराबाहेर पडलो, तर समोरचं दार नेहमीप्रमाणे आवाज न करता मिटलं. खाली तळघरात वाळवणाच्या यंत्रावर नवी चिठ्ठी होती, टंकलिखित, सात ओळींची. लेकीने अर्थ सांगितला: गाळणी साफ ठेवावी ही नम्र आठवण, सर्व संबंधितांसाठी. मी खिशातलं पेन काढलं, चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा मारला, खाली आखूड सही आणि तारीख घातली, आणि यंत्र सुरू केलं.